पहिल्या पगाराच्या आधीचे दिवस

पोस्ट मोठी आहे. पण बरेच दिवस मनात साठलंय, त्यामुळे सगळं एकदाच लिहिते.

सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपन्या नफ्यातून समाजकार्याला देतात त्या पैशासाठी, कंपनीकडे प्रस्ताव द्यायचा तर एक तक्ता भरावा लागतो. किती जणांना प्रशिक्षण देणार, किती जणांना प्रमाणपत्र मिळणार, किती जणांना नोकरी लागणार, माणशी खर्च किती. मी पुण्यात एका संस्थेत काम करते. वस्तीतली शिक्षण सुटलेली मुलं-मुली, एकट्या पडलेल्या बायका, दिव्यांग, तुरुंगातून सुटून आलेले लोक यांना कामाला लावणं हे आमचं काम. त्यामुळे असे तक्ते भरणं नेहमीचंच. आणि दरवेळी एकच गोष्ट खटकते. वर्षभराने यातले किती जण कामावर टिकले आणि त्यांना टिकवायला काय काय करावं लागलं, हा रकानाच बहुतेक तक्त्यांत नसतो.

माझं म्हणणं असं आहे की शिकवणं हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. चांगला शिक्षक, तीन महिने, एक खोली, थोडं साहित्य, झालं. नोकरी मिळवून देणंसुद्धा जमतं, कारण हॉस्पिटलं, मॉल, हॉटेलं, चाकण-रांजणगावचे कारखाने यांना माणसं हवीच असतात. खरं काम रुजू झाल्याच्या दिवशी सुरू होतं. आणि नेमका त्याच दिवशी प्रकल्पाचा पैसा संपतो. जॉइनिंग लेटर हातात धरून फोटो काढला जातो, तो अहवालात जातो आणि फाइल बंद होते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही एवढी काळजी घेऊन. तिशीतली बाई, नवरा सोडून गेलेला, दोन मुलं शाळेत. चार घरची धुणीभांडी करायची. आमच्याकडे रुग्णसेवेचा कोर्स केला, वर्गात सगळ्यांत हुशार. एका हॉस्पिटलात वॉर्डमध्ये नोकरी लागली, हातात 12 हजार. आम्ही सगळे खूश. रुजू झाली 4 जूनला. हॉस्पिटलचा पगार महिना भरल्यावर, पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला. म्हणजे पहिला पैसा हातात येणार 10 जुलैला. मधले 36 दिवस काय?

चार घरची कामं तिने सोडलेली. तिथे अडीनडीला उचल मिळायची, सणाला जास्तीचे मिळायचे, उरलंसुरलं अन्न मिळायचं. ते सगळं एका दिवसात बंद. उलट खर्च वाढला. दोन ड्रेस शिवायचे, पांढरे बूट घ्यायचे, पीएमपी बसचा पास काढायचा. त्यात जून महिना, मुलांच्या वह्या, दप्तर, रेनकोट. गटाच्या कर्जाचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा. किराणा दुकानदाराला कळलं की हिने घरकाम सोडलं, त्याने उधारी आवरती घेतली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, मी परत घरकाम धरते. हॉस्पिटलचं काम चांगलं आहे, पण मला नाही परवडत."

तिला काम येत नव्हतं का? येत होतं. आवडत नव्हतं का? फार आवडत होतं. नोकरी सुटायला आली होती ती पगाराच्या तारखेमुळे. संस्थेच्या एका हितचिंतकाने दिलेल्या छोट्याशा निधीतून आम्ही तिला महिनाभराचं रेशन आणि बसपासचे पैसे बिनव्याजी दिले. ते तिने नंतर थोडे थोडे करून फेडले. ती आजही त्याच हॉस्पिटलात आहे. पण हा निधी कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता. "बेनिफिशिअरीला रोख रक्कम" म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठ्या पडतात.

खरं तर सरकारला ही गोष्ट कागदावर का होईना, कळलेली आहे. ग्रामीण तरुणांसाठी 2014 मध्ये आलेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या नियमांत नोकरी लागल्यानंतर पहिले काही महिने दरमहा हजार रुपये आधार म्हणून द्यायची तरतूद आहे, आणि घरापासून जितकं लांब जावं लागेल तितके महिने जास्त. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला गावाहून शहरात आलेल्या पोराचा पहिला महिना नक्की माहीत असणार. रक्कम तुटपुंजी आहे, पण विचार अगदी बरोबर आहे. हाच विचार खासगी देणगीदारांच्या तक्त्यात का येत नाही?

यावर ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, किती दिवस हात धरून चालवणार? स्वतःच्या पायावर उभं राहू दे की." हे ऐकलं की मला प्रामाणिकपणे राग येतो. आपल्या घरातल्या मुलाला पुण्यात पहिली नोकरी लागते तेव्हा आपण काय करतो ते आठवा. खोलीचं डिपॉझिट बाबा भरतात. पहिला महिना आत्याकडे जातो. आई डबा पाठवते, मामाची जुनी गाडी मिळते. साहेब ओरडले म्हणून तिसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला निघालेल्या मुलाला कोणीतरी रात्री तासभर फोनवर समजावतं. ह्याला आपण कधीच हात धरून चालवणं म्हणत नाही. वस्तीतल्या मुलीच्या मागे हे काहीच नसतं. तिच्या घरात पगारी नोकरी करणारी ती पहिलीच. सुट्टी हवी असेल तर आधी कळवायचं असतं, न सांगता दोन दिवस गेलं नाही तर नाव कमी होतं, हे तिला कोण सांगणार? रोजंदारीसाठी मजूर उभे राहतात त्या नाक्यावर असं नसतं. आज गेलं नाही तर आजची हजेरी बुडते, उद्या पुन्हा उभं राहता येतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहिते, नाहीतर त्याचीच वेगळी पोस्ट होईल. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेत तिसरंच स्पेलिंग. पगाराचं खातं, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, सगळीकडे एकच नाव लागतं. लग्नाची नोंदणी झालेली नसते, म्हणून सरकारी राजपत्रात नाव बदलून घ्यायचं, त्याचे पैसे, त्यासाठीचे हेलपाटे, आणि प्रत्येक हेलपाट्याला एक खाडा. नवीन नोकरीत पहिल्याच महिन्यात तीन खाडे झाले की सुपरवायझरचं मत बनून जातं. आमची एक सहकारी फक्त हेच काम करते, कागद जुळवून देण्याचं. तिच्यामुळे किती नोकऱ्या वाचल्या ते मी रोज बघते. पण अशा माणसाचा पगार देणगीदार "प्रशासकीय खर्च" म्हणून बाजूला काढतात आणि पहिली कात्री तिथेच लागते.

दिव्यांगांच्या बाबतीत तर रुजू झाल्यानंतरची साथ म्हणजेच सगळं काही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिलं. खासगी क्षेत्रावर सक्ती नाही. किमान 5 टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत यासाठी सरकारने खासगी मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कलम 35 म्हणतं. म्हणजे खासगी कंपनीचं दार आपण संस्थेच्या लोकांनीच ठोठावायचं. दार उघडतंही. उघडल्यावर काय होतं ते सांगते.

चाकणच्या बाजूला एका गोदामात एक कर्णबधिर मुलगा पॅकिंगला लागला. हात इतका साफ की पहिल्या आठवड्यातच त्याची लाइन पुढे. पण सकाळी शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर सगळ्यांना उभं करून दिवसाच्या सूचना तोंडी द्यायचा. कुठला माल आधी, कुठल्या गाडीत काय. ह्याला त्यातलं काहीच कळायचं नाही. दोनदा चुकीचा माल भरला गेला आणि "ऐकत नाही, उद्धट आहे" असा शेरा पडला. आमची सांकेतिक भाषा जाणणारी कार्यकर्ती तिथे रोज जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. तिने सुपरवायझरला एवढंच सुचवलं की त्याच सूचना सकाळी फळ्यावर लिहा. खर्च शून्य. फळ्याचा फायदा बाकीच्यांनाही झाला, कारण तोंडी सूचना विसरणारे तेही होतेच. आता त्या लाइनवरच्या पोरांना "थांब", "झालं", "चहा" एवढ्या खुणा येतात. ती कार्यकर्ती तिथे गेली नसती तर मुलगा महिन्यात बाहेर पडला असता आणि "आम्ही एकदा घेऊन बघितलं, नाही जमत" हे वाक्य त्या कंपनीत कायमचं राहिलं असतं.

बाहेरच्या जगात हे पद्धतशीरपणे करून पाहिलेलं आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये 1990 च्या दशकात एक पद्धत उभी राहिली. आधी महिनोन् महिने कार्यशाळेत बसवून तयार करायचं, हा क्रम त्यांनी सोडला. माणसाला हवी ती खरी नोकरी लवकर शोधायची आणि मग तिथेच, लागेल तितका काळ, त्याच्यासोबत राहायचं. पुढे अनेक देशांत तपासणी झाली आणि जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने बरेच जास्त लोक खऱ्या नोकरीत गेल्याचं दिसलं. आपल्याकडे अजून मेणबत्त्या, पणत्या आणि कागदी पिशव्यांच्या पुढे आपली कल्पना फारशी जात नाही.

आणि आपल्याकडचे अनुभव काय वेगळं सांगतात? बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला महारोगी सेवा समिती सुरू केली. कुष्ठरुग्णांनी विहीर खणली, माळरानावर भाजीपाला पिकवला. तिथवर जमलं. अडलं कुठे, तर सुरुवातीला त्यांच्या हातची भाजी, त्यांच्या गाईंचं दूध घ्यायला लोक तयार नव्हते. कष्ट करणारे तयार होते, घेणारे तयार नव्हते. आज तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या बाबतीत तेच होतं. देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे जवळपास तीन जण कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यातला एखादा निर्दोष सुटला तरी मधली दोन वर्षं कुठे होता, याचं उत्तर मुलाखतीत देता येत नाही. कंपनी चारित्र्य पडताळणी मागते आणि विषय संपतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून या लोकांसोबत काम करतोय. त्यांची एक रीत मला फार मोलाची वाटते. सुटून आलेल्या माणसाला आधी एखाद्या स्वयंसेवी संस्थेतच काही काळ विद्यावेतनावर काम द्यायचं. रोज वेळेवर जाण्याची सवय लागते, वागणुकीची साक्ष देणारं कोणीतरी उभं राहतं, मग बाहेरचा मालकही ऐकून घेतो.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांनाही एक सांगायचंय. आकडा फुगवायचा मोह सोडा. महिन्याभरात सुटलेल्या नोकरीला "प्लेसमेंट" म्हणून मोजणं थांबवा. शंभर जणांचं लक्ष्य घेऊन ऐंशी जणांना वाऱ्यावर सोडण्यापेक्षा चाळीस जणांचं लक्ष्य घ्या आणि वर्षभर त्यांच्या मागे राहा. देणगीदार नाराज होईल, होऊ दे. निदान त्याला खरं काय ते कळेल. प्रत्येकाला नवीन धंदा शिकवायलाच हवा, हाही हट्ट नको. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायकांचं आहे तेच काम ओळखपत्राने, संघटनेने मान्य करून घेतलं गेलं. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार झाला. पार्लरचा कोर्स गळ्यात मारण्यापेक्षा हे कितीतरी खरं काम.

कंपन्यांच्या सीएसआर विभागात असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला द्यायला लावले आणि त्या यादीत रोजगारक्षम कौशल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या हातात खूप काही आहे. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात रुजू झाल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी वेगळा खर्च धरा. पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार त्यातच धरा. आणि तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच ऑफिसात यातले किती जण घेता, तेही एकदा एचआरला विचारा.

ज्यांचं दुकान, हॉटेल, छोटं वर्कशॉप आहे त्यांना तर एवढंच करता येईल: नवीन माणसाला पहिले दोन महिने पगार आठवड्याला द्या. आमच्या ओळखीचे एक खानावळवाले काका हे करतात. हिशोब वहीत लिहितात, शनिवारी सही घेतात. त्यांच्याकडे पाठवलेली आमची मुलं टिकली आहेत.

तुमच्याकडे एखादी जागा असेल, किंवा सांकेतिक भाषा येत असेल, किंवा राजपत्राचे अर्ज भरून द्यायला महिन्यातला एक शनिवार काढता येत असेल, तर मला इनबॉक्समध्ये लिहा. कामाच्या शोधात असलेल्या कुणाचं नाव-नंबर मात्र खाली कॉमेंटमध्ये टाकू नका, तेही इनबॉक्सलाच पाठवा.