रडणाऱ्याचा विश्वास कच्चा, हे कुणी ठरवलं?

काकांच्या दफनाला तीन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात मावशीच्या मोबाईलवर मेसेज आला, तोही आमच्या चर्चच्या मंडळीच्याच ग्रुपवर. "सर्वदा आनंदित असा! खरा विश्वासणारा दुःखी होत नाही. अश्रू म्हणजे देवाच्या योजनेवर अविश्वास. शास्त्रात सात दिवसांपुढे शोक नाही. उदासी सैतानाची, ती गोळ्यांनी जात नाही." खाली, दहा जणांना पाठवा. सोलापुरात तो निदान चार ग्रुपांवर फिरलेला मी पाहिला. तेव्हापासून मावशी मोरीत नळ सोडून रडते. परवा म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला काय की रे." नाहीतर फॉरवर्डांना उत्तरं देत बसायची मला हौस नाही.

सात दिवसांचं आधी उरकतो. बायबलात योसेफाने बापासाठी, म्हणजे याकोबासाठी, सात दिवस शोक केला, हे आहे. पण उत्पत्तीच्या पुस्तकात, त्याच 50व्या अध्यायात, सातच ओळी वर, मिसरी लोक याकोबासाठी 70 दिवस रडले असं लिहिलंय. आपला पुढारी मोशे गेला तेव्हा इस्राएल लोक 30 दिवस रडले. मेसेज लिहिणाऱ्याने सोयीची ओळ तेवढी उचलली.

आता अश्रू. योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय काढा. येशूचा मित्र लाजर मेलाय, कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मी त्याला उठवायला जातोय, हे येशूने शिष्यांना आधीच सांगितलंय. म्हणजे शेवट काय होणार ते त्याला पक्कं ठाऊक आहे. लाजराच्या दोघी बहिणी, मार्था आणि मरीया, एकच गाऱ्हाणं करतात: प्रभू इथे असते तर भाऊ मेला नसता. तो एकीलाही 'तुझा विश्वास कुठे गेला' असं विचारत नाही. मरीयेला रडताना बघतो आणि स्वतः रडतो. घटकाभरात मेलेला माणूस चालत बाहेर येणार हे माहीत असून रडतो! बघणारे काय म्हणाले? याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. अविश्वास तिथे कुणाला दिसला नाही. तो दिसायला मोबाईल यावा लागला.

पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तर 'माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे' असं येशू स्वतः सांगतो आणि तिघा शिष्यांना जागं राहायला विनवतो. ती उदासीही सैतानाचीच म्हणायची का?

'सर्वदा आनंदित असा' हे प्रेषित पौलाचंच, थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, कबूल. प्रार्थनेने धीर येतो हेही कबूल. मावशीला रात्री प्रार्थनेनंतरच डोळा लागतो. पण त्याच पत्रात एक अध्याय आधी पौल लिहितो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही.

गोळ्यांबद्दल काय बोलायचं! पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि पौलाचा सोबती लूक वैद्य होता. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा दूताने त्याला आधी भाकर-पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःची शुगरची गोळी सोडलीय?

काल संध्याकाळी मावशीजवळ बसून योहानाचा तो अध्याय वाचला. पस्तिसाव्या ओवीशी तिने हात धरला. "एवढंच? दोनच शब्द?"

"दोनच. येशू रडला."

"परत वाच," म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. या वेळी नळ सोडायला उठली नाही.