‘४के सपोर्टेड’ प्रोजेक्टरच्या त्या मेसेजबद्दल

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, शिक्षकांच्या ग्रुपवर, मंडळांच्या ग्रुपवर, सोसायटीतही. थोडक्यात म्हणणं असं की रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, जितकं जास्त तितकं चित्र चांगलं, सात-आठ हजारात ‘४के सपोर्टेड’ प्रोजेक्टर मिळत असताना महागडा फुल एचडी (१९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा) घेणं म्हणजे पैसे पाण्यात, घरचा टीव्ही पण ४केच घ्या, आणि लॅपटॉपवर अक्षरं बारीक दिसत असतील तर रेझोल्यूशन कमी करून टाका. मला यातलं एकही वाक्य पटत नाही, आणि गावोगावी लोकवर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर घेतात ते लोक असल्या मेसेजवर विश्वास ठेवतात म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे ते ‘सपोर्टेड’. त्याचा अर्थ एवढाच की ४केचा सिग्नल आत घेतला जाईल, पडद्यावर किती ठिपके पडणार ते ठरतं नेटिव्ह रेझोल्यूशनवर, म्हणजे प्रोजेक्टरच्या स्वतःच्या ठिपक्यांवर, आणि ते खोक्यावर बारीक अक्षरात असतं नाहीतर नसतंच. या किमतीत ते बऱ्याचदा १२८० गुणिले ७२० असतं, कधी तर ८०० गुणिले ४८०. आता हिशोब करा, ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके, आणि ८०० गुणिले ४८० म्हणजे ३ लाख ८४ हजार. म्हणजे आत आलेल्या एकवीस-बावीस ठिपक्यांचा मिळून एक ठिपका बनतो. यात मराठीचं नुकसान जास्त होतं, कारण आपला अनुस्वार, ऊकार, रफार हे सगळं अक्षराच्या वर-खाली बारीक बारीक असतं, ते आधी जातं, आणि ‘घ’ की ‘ध’ हे मागच्या पोरांना अंदाजाने वाचावं लागतं. एक मात्र सांगायला हवं, काही महाग प्रोजेक्टरमध्ये चित्र बनवणारी चिप फुल एचडीची असते पण ती प्रत्येक फ्रेममध्ये ठिपके चार जागी भराभर सरकवून ८३ लाख ठिपके पडद्यावर खरंच टाकते, तो प्रकार वेगळा, त्याला फसवणूक म्हणता येणार नाही.

दुसरं, ‘जास्त रेझोल्यूशन म्हणजे चांगलं चित्र’. मेसेजमध्ये उजेडाचा शब्दही नाही आणि वर्गात तर सगळा खेळ उजेडाचाच आहे! प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही हो, खिडकीतून आलेल्या उजेडात पडदा जितका पांढुरका दिसतो तितकाच तुमचा काळा काळा. त्यामुळे उजेड कमी पडला की अक्षर आणि पार्श्वभूमी एक होतात, मग ठिपके कितीही असोत. आकडा बघायचा तो अँसी ल्युमेन्सचा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या, बाहेर पडणाऱ्या उजेडाचा, नुसतं ‘९००० ल्युमेन्स’ लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, तो बहुतेक वेळा आतल्या दिव्याचा आकडा असतो, पडद्यावर पोचणाऱ्या उजेडाचा नाही. खिडक्या असलेल्या वर्गाला साधारण ३००० अँसी ल्युमेन्स तरी हवेत. आणि पडदा १०० इंचाचा २०० इंच केला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे उजेड एक चतुर्थांश, हे गणपतीत मैदानात मॅच दाखवणाऱ्या मंडळांनी तर आधी बघावं. माझं स्पष्ट मत, बजेट मर्यादित असेल तर वर्गासाठी भरपूर उजेडाचा १०२४ गुणिले ७६८ वाला जुन्या पद्धतीचा प्रोजेक्टर सुद्धा त्या मिणमिणत्या ‘४के’ पेक्षा कितीतरी बरा. १०० इंची पडद्यावर त्याचा ठिपका साधारण २ मिलिमीटरचा पडतो, आणि शेवटच्या बाकावरून, २३ फुटांवरून, धडधाकट डोळ्यालाही तो वेगळा दिसत नाही. थिएटरचंच बघा ना, डिजिटल सिनेमात २के हे अधिकृत माप आहे, २०४८ गुणिले १०८०, आणि कित्येक मोठे पडदे आजही त्यावर चालतात, तिथे कोणी ठिपके दिसतात म्हणून उठून जात नाही.

टीव्हीचंही तेच, अंतर बघायचं. ५५ इंची टीव्ही सात फुटांच्या पलीकडून बघत असाल तर फुल एचडीचे ठिपकेच डोळ्याला वेगळे कळत नाहीत, ४केचा पूर्ण फायदा घ्यायचा तर साडेतीन-चार फुटांवर बसावं लागेल, हॉलमध्ये कोण बसतं असं? वरून सेट टॉप बॉक्सवर साधे एसडी (एचडी नसलेले) चॅनल लावले तर ते ७२० गुणिले ५७६ चेच, टीव्ही ते ताणून मोठं करतो, नसलेला तपशील कुठून आणणार. हां, मोठे टीव्ही आता बहुतेक ४केच मिळतात तर घ्या, पण ३२ इंचीला त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जास्त रेझोल्यूशन खरं कामाला येतं ते टेबलावरच्या मॉनिटरला, कारण तो दोन फुटांवर असतो, दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर पैसे तिथे घाला.

आणि शेवटचा तो लॅपटॉपचा सल्ला, तो सगळ्यात वाईट. जुन्या डब्बा मॉनिटरला तो चालून जायचा, आत्ताच्या स्क्रीनवर ठिपके कायमचे ठरलेले असतात, रेझोल्यूशन कमी केलं की एक ठिपका दीड-दोन ठिपक्यांवर पसरवावा लागतो आणि सगळी अक्षरं पुसट होतात, डोळे दुखतात ते वेगळंच. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ज्या रेझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच ठेवा आणि त्याच्या जवळच स्केल म्हणून सेटिंग असतं ते १२५ किंवा १५० टक्के करा, अक्षरं मोठी आणि स्वच्छ दिसतात. प्रोजेक्टर जोडल्यावर लॅपटॉपची स्क्रीन एकदम धूसर होते ती पण याच कारणाने, ‘डुप्लिकेट’ मध्ये, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र दाखवताना, दोघांना चालेल असं एकच रेझोल्यूशन निवडलं जातं, ‘एक्स्टेंड’ केलं, म्हणजे प्रोजेक्टर वेगळी दुसरी स्क्रीन म्हणून वापरला, की दोघांना आपापलं देता येतं.