पहिला गोळा आणि दोन पोती पीठ

आज ८ ऑगस्ट. संध्याकाळी पाऊस जरा उघडला म्हणून घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत खाली बाकावर बसले होते, तेवढ्यात शेजारच्या विंगमधले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना नातवाला एमबीबीएससाठी जॉर्जियाला पाठवायचे आहे, आणि माझी मुलगी तिबिलिसीत शिकते, आता चौथ्या वर्षाला जाईल, त्यामुळे सोसायटीत मी त्या देशाची बिनपगारी वकिलात झाले आहे. फी, थंडी, जेवणाचे हाल हे सगळे विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, "वहिनी, तिकडे मध्यंतरी युद्ध झालं होतं ना?" मी म्हटले, हो, २००८ साली, याच दिवसांत, रशियाशी, जॉर्जियातून फुटू पाहणाऱ्या दक्षिण ओसेतिया या प्रांतावरून. त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटे काहीतरी वाचले आणि निकाल देऊन टाकला: "रशियाला उगाच शिव्या घालतात. पहिला गोळा जॉर्जियानेच टाकला होता. ज्याने सुरुवात केली तो दोषी. विषय संपला." आणि ते पिशवी उचलून भाजी आणायला गेले.

तो "विषय संपला" मला इतका झोंबला आहे की घरी येऊन कुकर लावायचा सोडून मी हे लिहायला बसले आहे.

मुलगी तिबिलिसीत ज्या आजींच्या घरी खोली घेऊन राहते, त्यांना सगळी मुले बेबो म्हणतात. जॉर्जियन भाषेत आजीला लाडाने तसेच म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझे यजमान तिकडे गेलो होतो, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात बसून अक्रोड सोलता सोलता मी मुलीमार्फत नेमका हाच प्रश्न विचारला होता, की युद्ध कोणी सुरू केले. बेबोने हातातला अक्रोड खाली ठेवला आणि विचारले, "कोणतं?" मग बोटांवर मोजून दाखवले. एक १९९१ चे, एक २००४ चे, एक २००८ चे. मला एकच माहीत होते, आणि ते तरी कुठे माहीत होते म्हणा.

बेबो मूळच्या तामाराशेनीच्या. हे गाव त्सखिनवालीला, म्हणजे दक्षिण ओसेतियाच्या मुख्य शहराला, उत्तरेकडून जवळजवळ चिकटून होते. वस्ती जॉर्जियन, शेजार ओसेतियन. शहराच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिणेला, एर्ग्नेती नावाच्या गावाजवळ मोठा बाजार भरायचा. रशियातून रोकी बोगद्यामार्गे येणारे पेट्रोल, सिगारेटी, पीठ आणि जॉर्जियातून जाणारी फळे, असा सगळा जकात चुकवलेला माल तिथे उघड्यावर विकला जायचा. पहिल्या युद्धात एकमेकांची माणसे मारून झालेले लोक तिथे तराजूशी भांडत, उसने घेत, लग्नाची आमंत्रणे देत. बेबो तिथे सफरचंदे विकायच्या आणि एका ओसेतियन बाईकडून पीठ घ्यायच्या. २००४ च्या उन्हाळ्यात जॉर्जियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांच्या सरकारने तस्करी थांबवायची म्हणून तो बाजार बंद केला. बेबोकडे त्या बाईच्या दोन पोती पिठाचे पैसे तेव्हापासून द्यायचे राहिले आहेत.

तस्करी होती, मान्य. कोणतेही सरकार ती कायमची चालू देणार नाही, तेही मान्य. पण जांभळी नाक्याच्या बाजारात ज्यांनी आयुष्यभर उधारीवर सामान आणले आहे, त्यांना मी वेगळे सांगायला नको की उधारी चालू असते तोवर माणसे एकमेकांच्या घरावर दगड मारत नाहीत. बाजार बंद झाल्याबरोबर त्याच उन्हाळ्यात चकमकी सुरू झाल्या. बेबोचे दुसरे बोट ते.

आता पहिल्या गोळ्याबद्दल. होय, ७ ऑगस्टच्या रात्री त्सखिनवालीवर तोफा आणि ग्राड रॉकेटे जॉर्जियाने डागली. युरोपीय संघाने नेमलेल्या, हायदी तालियाविनी या स्विस मुत्सद्दी बाईंच्या आयोगाने २००९ च्या अहवालात तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्या माऱ्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात समर्थन नाही असेही म्हटले आहे. त्याच संध्याकाळी सातच्या सुमारास साकाश्विली टीव्हीवर एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर करून गेले होते. बेबो ते ऐकून निर्धास्त झोपायला गेल्या, आणि मध्यरात्र व्हायच्या आत खिडक्यांची तावदाने हादरली. त्या माणसाला मी माफ करणार नाही. झोपलेल्या शहरावर रॉकेटे सोडायची आणि त्याला घटनात्मक सुव्यवस्था म्हणायचे, हा निर्लज्जपणा आहे.

पण शेजाऱ्यांच्या मोबाइलमधला तोच अहवाल पुढे काय म्हणतो? हा मारा म्हणजे दीर्घकाळच्या तणावाचा आणि चिथावण्यांचा शेवट होता, रशियाचे प्रत्युत्तर संरक्षणाच्या वाजवी मर्यादेच्या फार पुढे गेले, आणि तिथल्या लोकांना सरसकट रशियन पासपोर्ट वाटणे बेकायदेशीर होते, हेही त्यातच आहे. या पासपोर्टांचा मला सर्वांत जास्त राग येतो. १९९२ च्या करारानुसार रशिया तिथे शांतिसैनिक म्हणून, म्हणजे पंच म्हणून बसला होता. गावाकडे दोन भाऊबंदांच्या बांधावरून तंटा असावा, पंचाने एका भावाच्या घरातल्या सगळ्यांना आपल्या नावाची रेशनकार्डे करून द्यावीत, आणि दुसऱ्याने काठी उचलली की "माझ्या माणसांवर हात टाकला" म्हणून फौजदारी करावी, असा हा प्रकार आहे. अशा पंचाला आपल्याकडे काय म्हणतात ते फेसबुकवर लिहिता येत नाही.

अमेरिका आणि मित्रमंडळींचेही थोडे सांगते. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होचे स्वातंत्र्य मान्य केले, आणि एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत जॉर्जियाला सांगितले की तुम्ही एक दिवस सदस्य व्हाल. कधी आणि कसे, ते मात्र सांगितले नाही. साखरपुडा करायचा आणि लग्नाची तारीख काढायची नाही, मुलगी मात्र गावभर बदनाम.

हे लिहिताना माझा पारा जरा उतरला आहे, म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. मी फक्त जॉर्जियन स्वयंपाकघरात बसले आहे. त्या रात्री त्सखिनवालीच्या तळघरात मुलांना पोटाशी धरून बसलेल्या बाईच्या घरी जेवले असते, तर ही पोस्ट कदाचित वेगळी झाली असती. डिसेंबर १९९० मध्ये जॉर्जियाने दक्षिण ओसेतियाची स्वायत्तताच रद्द केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या लोकांना तुम्ही आमच्याकडचे पाहुणे आहात असे त्या काळात चारचौघांत ऐकवले गेले. बेबोने स्वतः सांगितले की तेव्हा त्याही टाळ्या वाजवणाऱ्यांत होत्या. हे सांगताना त्या माझ्या मुलीकडे बघत नव्हत्या, ओट्याकडे बघत होत्या.

पाच दिवस युद्ध चालले. १२ ऑगस्टला फ्रान्सच्या सार्कोझींनी शस्त्रसंधी घडवली, २६ ऑगस्टला रशियाने दक्षिण ओसेतिया आणि जॉर्जियातलाच दुसरा फुटीर प्रांत अबखाझिया यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, आणि या दरम्यान तामाराशेनी आणि आसपासची जॉर्जियन गावे घरोघर पेटवून दिली गेली. बेबोचे घर त्यातच गेले. तिबिलिसीहून गोरी शहराला जाताना हमरस्त्यावरून त्सेरोवानी दिसते, विस्थापितांसाठी बांधलेल्या एकसारख्या छोट्या घरांच्या रांगाच्या रांगा; आपल्या संक्रमण शिबिरांसारखेच, फक्त मोकळ्या माळावर आणि जास्त नीटनेटके. आणि हद्दीवरची काटेरी तार अजूनही अधूनमधून चार पावले पुढे सरकते, कुणाचे शेत कापत, कुणाची बाग कापत. बांध कोरणे आपल्याला नवीन नाही. रशियाने ते राष्ट्रीय धोरण केले.

तेव्हा दोषी कोण, असे शेजाऱ्यांनी उद्या पुन्हा विचारले तर माझे उत्तर तयार आहे. त्या रात्रीचा दोष साकाश्विलींचा. त्या रात्रीपर्यंत सगळ्यांना आणून सोडण्याचा आणि नंतर गावे जळू देण्याचा मोठा दोष रशियाचा. एका वाक्यात बसत नाही, त्याला माझा इलाज नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षाचे सर्वेसर्वा इवानिश्विली यांनी गोरीत निवडणुकीच्या सभेत म्हटले की साकाश्विलींच्या पक्षाने लावलेल्या आगीबद्दल जॉर्जियनांनी ओसेतियनांची माफी मागावी, म्हणजे तिथेही दोष एका माणसाच्या गळ्यात बांधून मते मिळवण्याचा उद्योग चालूच आहे. मुलगी सांगत होती की त्यानंतर दोन दिवस बेबोने स्वयंपाकघरातला टीव्ही लावला नाही.

मगाशी जेवताना मी मुलीला विचारले की त्या पीठवाल्या बाईचे पुढे काय झाले. ती म्हणाली, बेबो तिचे नाव कधी घेत नाहीत. कुणाकडून तरी त्यांना एवढेच कळले आहे की बाई अजून आहे, गुडघे गेले आहेत, आणि तिचा मुलगा तारेच्या पलीकडे पहाऱ्यावर असतो.