पाकीट उघडता आलं पाहिजे

आपत्तीत वाटायच्या अन्नाच्या पाकिटांवरच्या तुमच्या लेखातला मुद्दा पटला: माणशी दिवसाला २१०० कॅलरी, न शिजवता खाता येईल असं पाकीट. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पुराच्या वेळी आम्ही वाटप करत होतो, तेव्हा अडचण कॅलरीची नव्हतीच. मदतीत नूडल्स आल्या, तांदूळ आला, पीठ आलं. गॅस पाण्याखाली, प्यायला पाणी नाही, ते शिजवायचं कशात? गावोगावहून मायेने पाठवलेली पुरी-भाजी पोचेपर्यंत आंबली होती. ती टाकून देताना जिवावर आलं.

चिक्कीचं म्हणाल तर १०० ग्रॅमला साधारण ५०० कॅलरी, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅममध्ये माणसाचा दिवस निघतो. पण दमट हवेत ती सादळते आणि म्हाताऱ्यांना चावत नाही. एका शाळेच्या वर्गात एक आजी चिक्की ओल्या पदराच्या टोकात बांधून बसल्या होत्या. का खात नाही विचारलं, तर म्हणाल्या, "दात न्हाईत बाळा, नातवाला ठेवलीय." त्यापेक्षा दाणे, तीळ, गूळ कुटून केलेली मऊ वडी चांगली, एकेक वेगळी सीलबंद. फरसाण मात्र नको, खाल्लं की तहान लागते आणि पाणीच नसतं.

अजून एक, लेखात न आलेलं. ओल्या, गारठलेल्या बोटांनी प्लॅस्टिक फाटत नाही. पाकिटाला खोल खाच हवी, आणि आत काय आहे ते मोठ्या मराठी अक्षरांत, मधुमेहींसाठी वेगळ्या रंगाची पट्टी. तान्ह्या बाळांचं काय, यावर तुम्ही स्वतंत्र लिहाच.