तीन जिन्नस, पंधरा मिनिटं

“मामा, एकदम सोपं आहे,” असं भाची म्हणाली तेव्हाच मला वावरातलं काहीतरी तातडीचं काम आठवायला हवं होतं. आठवलं नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. आंबिया बहाराची संत्री व्यापाऱ्याला देऊन झालेली, तुरीला अजून अवकाश, शाळेतलं स्नेहसंमेलन आटोपलेलं. विदर्भातल्या वरूड तालुक्यातला मास्तर कम शेतकरी मोकळा सापडण्याचे वर्षातले तेवढेच चार दिवस, आणि पुण्याहून नाताळच्या सुट्टीत आलेली अकरा वर्षांची मुलगी अशा मोकळ्या माणसाच्या वासावरच असते.

करायचं होतं ट्रफल. ओव्हन नको, कुकर नको, अंडं नको. दुकानातले तयार केक आणायचे, कुस्करायचे, क्रीम चीज घालून मळायचे, गोळे वळून थंड करायचे आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवून काढायचे. तीन जिन्नस, पंधरा मिनिटं. तिकडे अमेरिकेत नाताळात घरोघरी असं करतात म्हणे. त्यांच्या दुकानांत त्या दिवसांत नाताळच्या झाडाच्या आकाराचे क्रीम भरलेले छोटे केक येतात, ते मोडून. “आपले गोल चालतील,” एवढी सवलत भाचीनं आपण होऊन दिली.

“तयार केक मोडायचा?” बायकोनं विचारलं.

“हो मामी.”

“अन् मोडून पुन्हा गोळा करायचा?”

“हो!”

“बरं,” म्हणून बायको उठली आणि अंगणात गहू निवडायला बसली. पुढचे दोन दिवस तिनं त्या विषयावर जे मौन पाळलं, तेवढं ती अठरा वर्षांच्या संसारात कधी बोलली नव्हती.

क्रीम चीज मागायला मी गावातल्या किराणा दुकानात गेलो, ही पहिली चूक.

“क्रीम आहे ना सर. कोल्ड क्रीम देऊ, की फुटलेल्या टाचेची?”

दहा-दहा रुपयांचे चोवीस केक मात्र मिळाले. चीजच्या जागी दह्याचा चक्का चालेल असं मीच ठरवलं आणि रात्री फडक्यात दही बांधून खुंटीला टांगलं. आईनं ते पाहिलं, काही बोलली नाही, आणि सकाळी सहा वाजता उठून श्रीखंडाबरोबरच्या पुऱ्यांची कणीक भिजवून ठेवली. त्या कणकेचं पुढे काय झालं ते इथे सांगत बसत नाही. दोन्ही वेळ पुऱ्याच खाल्ल्या.

चॉकलेटसाठी वरूडला जावं लागलं. तिथे बेकरीचं सामान विकणाऱ्यानं मला कंपाउंड नावाची लादी दिली आणि वर शिकवणीही दिली. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणूनच जिभेवर ठेवलं की विरघळतं. पण वितळवून पुन्हा गोठवताना त्याच्या तापमानाचे नखरे सांभाळले नाहीत तर त्याच्यावर पांढुरके डाग येतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पतीची चरबी, त्यामुळे नखरे नाहीत. “नुसतं वितळवा अन् बुडवा. आपल्या इकडच्या गर्मीतही लवकर हलत नाही, सर,” तो म्हणाला. मी अर्धा-अर्धा किलोच्या दोन लाद्या घेतल्या. एक पुरली असती. दुसरी का घेतली ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. पूर्वजांची पुण्याई म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाची मोठा कोपर, म्हणजे परात, घेऊन बसलो आणि एकेक केक पाकिटातून काढून कुस्करायला लागलो. आई येऊन उभी राहिली.

“काऊन रे बाप्पा, चांगला केक मोडून राहिला? खराब निंघाला काय?”

“नाही वं आई. याचे लाडू करायचे आहेत.”

आई क्षणभर थांबली आणि तिचा चेहरा उजळला. “हां, कुस्कऱ्याचे!”

रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी त्या चुरून, गूळ-तूप घालून ती आम्हाला लाडू वळून द्यायची. अमेरिकेची नाताळची कृती तिनं एका शब्दात समजून घेतली होती. फक्त एक शंका राहिली.

“पण त्या पोळ्या शिळ्या राहत होत्या. तुहा केक तं ताजा हाय ना? मंग मोडाले कायले पाह्यजे?”

याचं उत्तर अमेरिकेकडेही नसावं. भाचीनं मोबाइलवर शोधून पाहिलं.

चक्का पुरता निथळला नव्हता. तो घातल्याबरोबर कोपरात गोळ्याऐवजी खीर दिसायला लागली. घट्ट व्हावी म्हणून बिस्किटांचा चुरा घातला. मग दाण्याचा कूट घातला. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात आईनं कुणाला न विचारता दोन वाट्या डाळ्यांचं पीठ घातलं. माझं स्वतःचं योगदान संत्र्याच्या सालीचं. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या घरात गोड पदार्थ होणार आणि त्यात संत्रं नसणार, हे मला पटेना. पण या संत्र्याची साल अंगाला सैल. किसणीवर धरलं की साल बाहेरून फिरते आणि फळ आत वेगळंच फिरतं, पाहुण्याच्या मापाच्या सदऱ्यासारखं. केशरी किसापेक्षा खालचा पांढरा भागच जास्त पडला आणि तो कडू असतो. मग कडूपणा मारायला पिठीसाखर.

तीस गोळे व्हायचे होते, चौऱ्याऐंशी झाले.

वळता वळता भाचीनं ट्रफल हे नाव कसं पडलं ते सांगितलं. युरोपात झाडाच्या मुळांशी, जमिनीच्या आत एक अळंबी येते, काळी, ओबडधोबड आणि भयंकर महाग. ती ट्रफल. कोकोची भुकटी लावलेली चॉकलेटची गोळी तशीच माती माखल्यासारखी दिसते, म्हणून तिलाही ट्रफल म्हणायचं.

“म्हंजे आपल्या सात्या,” आई म्हणाली. “पण जमिनीतल्या कशा दिसत असतीन बाई?”

“दिसत नाहीत आजी. डुकरं किंवा कुत्रे वास घेऊन शोधतात.”

आईनं हातातला गोळा ताटात ठेवला, हात धुतले आणि देवघरात गेली.

गोळे फ्रीजमध्ये ठेवले आणि दहाच मिनिटांत लाइन गेली. ती संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळल्यावर ताटं गच्चीवर सावलीत नेली. हवेत गारठा चांगला होता. वर टोपली पालथी घातली, टोपलीवर वरवंटा. आमच्या भागात संत्र्याची बाग राखणाऱ्याला वानरांची अक्कल काय असते ते सांगावं लागत नाही. तासाभरात सहा जण कठड्यावर येऊन बसले, आणि मी हातात काठी घेऊन गच्चीवर खुर्ची टाकली. सुट्टीच्या दिवशी शाळेतले सहकारी रस्त्यानं गेले, त्यांनी खालून विचारलं, “काय सर, कशाची राखण?” मी म्हटलं, “वाळवणाची.” डिसेंबरात.

संध्याकाळी चॉकलेट. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळत ठेवायचं, त्यावर कोरडं भांडं, त्यात चॉकलेटचे तुकडे. पहिली लादी सुरेख वितळली होती. इतकी चकचकीत की भाचीनं तिच्यात तोंड पाहून घेतलं. तेवढ्यात मी ओला सराटा, म्हणजे उलथणं, आत घातला. थेंब-दोन थेंब पाणी असेल. डोळ्यांदेखत त्या चॉकलेटचा पहिल्या पावसानंतरच्या काळ्या वावरातला चिखल झाला: गोळा गोळा, चिवट, सराट्याला घट्ट. पाण्याचा थेंब मिळाला की चॉकलेटमधले साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात, मग ते सोडत नाहीत. उपाय आहे, पण तो उलटा आहे. आणखी गरम पाणी किंवा दूध घालून घोटायचं, की सारखं होतं. मी घोटलं. झालं सारखं. पण त्या मऊ रसाचं वरचं कडक कवच मात्र होत नाही. मग गोळे त्यात बुडवून काय उपयोग? त्याची रवानगी वाटीत झाली.

दुसरी लादी काढली. या वेळी सगळं पुसून, भाची टॉवेल घेऊन पहाऱ्यावर. चमचाभर फल्लीतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, घातल्यावर पातळही झालं. आता बुडवायचं कशानं? काटेचमचे आमच्याकडे नाहीत, आणि बोटांनी बुडवले की चॉकलेट गोळ्यापेक्षा बोटालाच जास्त लागतं. आईनं कापसाची पोती शिवायचं दाभण उकळत्या पाण्यातून काढून आणून दिलं. चौऱ्याऐंशी गोळे मी दाभणानं टोचून, बुडवून, ताटात सोडले. वरून शोभेला पानाच्या डब्यातली रंगीत बडीशेप.

रात्री साडेनऊला बायको गॅसपाशी आली. “झाली काय पंधरा मिनिटं?”

दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला आलेल्या बायांना दोन-दोन दिले. सगळ्यांनी आवडीनं खाल्ले. एकीनं विचारलं, “याच्यात काय काय हाय, गुरुजी?” मी सांगायला लागलो: केक, दही, बिस्किटं, दाणे, डाळ्या, संत्र्याची साल, पिठीसाखर, तेल, चॉकलेट, बडीशेप.

“तीनच जिन्नस,” भाचीनं मध्येच दुरुस्त केलं.

तीस ट्रफल तिनं स्टीलच्या डब्यात भरून पुण्याच्या मैत्रिणींसाठी ठेवले. बहीण आणि भाऊजी तिला घ्यायला आले होते, त्यांच्याबरोबर ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाली. डबा पायाशी उलटायला नको म्हणून भाऊजींनी तो ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या बाजूला, सुरक्षित ठेवायला दिला.

सकाळी फोन आला. “मामा, ते सगळे चिकटले. डब्याच्या आकाराचा एकच मोठा गोळा झालाय. आई सुरीनं कापून वाटतेय.”

मी आईला सांगितलं. आई तूर पाखडत होती, तिनं सूपही थांबवलं नाही.

“मंग झाला ना परत केक? म्या पयलेच म्हटलं होतं, मोडू नोको.”