रूपक म्हणून वाचू नयेत अशी माणसे

दक्षिण आफ्रिकेच्या कथांवर लिहिताना काही समीक्षक एक गोष्ट फार सहजपणे करतात आणि तिला माझा ठाम विरोध आहे. कथेत एखादे मूल खुरटलेले असले किंवा एखादी मुलगी मानसिक आजाराने ग्रासलेली असली, की ते शरीर किंवा ते मन म्हणजे वर्णभेदाने जायबंदी केलेल्या देशाचे प्रतीक, असे सांगून ते पुढे निघून जातात. एकदा प्रतीक ठरवले, की त्या मुलाला भरवते कोण, रात्री त्याच्यापाशी जागते कोण आणि औषधाला पैसे कुठून येतात, हे विचारण्याची गरजच उरत नाही. मला ज्या कथा मोलाच्या वाटतात, त्या हेच प्रश्न धरून बसतात.

नादिन गॉर्डिमर यांची ‘द अल्टिमेट सफारी’ ही कथा घ्या. १९९१ साली आलेल्या ‘जंप’ या संग्रहात ती आहे. मोझांबिकमधल्या यादवी युद्धातून पळालेली मुले आजी-आजोबांबरोबर क्रूगर अभयारण्य पायी ओलांडतात. वाटेत आजोबा उंच गवतात हरवतात आणि उरलेले सगळे सीमेपलीकडच्या छावणीतल्या तंबूत पोहोचतात. कथा सांगणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ तिथे पोहोचल्यावरही इतर मुलांसारखा होत नाही. घरी पुरेसे अन्न न मिळाल्यामुळे त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडले असावे, असे दवाखान्यातली सिस्टर म्हणते. या एका वाक्यात अपंगत्वाचे कारण सरळ सांगितले आहे आणि ते कारण भूक हे आहे. ती भूकही आभाळातून पडलेली नव्हती. मोझांबिकमध्ये गावे लुटणाऱ्या रेनामो बंडखोरांना प्रिटोरियाचे वर्णभेदी सरकारच पोसत होते आणि त्याच सरकारच्या देशात हे मूल निर्वासित म्हणून आले आहे. कथा हा राजकीय हिशेब मांडत बसत नाही. ती आजी डोक्यावर विटा वाहून पैसे कसे मिळवते आणि त्यातून मुलांसाठी शाळेचे बूट कसे घेते, हे दाखवते. मुलगा बरा होत नाही, पण त्या घरात त्याला कोणी ओझेही म्हणत नाही.

याहून अस्वस्थ करणारी कथा लिदुदुमालिंगानी यांची ‘मेमरीज वी लॉस्ट’ ही आहे. तिला आफ्रिकी लेखकांच्या इंग्रजी कथेसाठी दिला जाणारा केन पुरस्कार २०१६ साली मिळाला. ईस्टर्न केप प्रांतातल्या एका खेड्यात दोन बहिणी राहतात आणि त्यांच्यापैकी एकीला अधूनमधून ‘ते’ गाठते. तो आजार स्किझोफ्रेनिया आहे हे वाचकाला कळते, पण गावाच्या लेखी ते भूत असते. ती घरातून निघून गेली की माणसे अंधारात तिला शोधत फिरतात. म्हणजे गाव दुष्ट नाही, आणि मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. आईही दुष्ट नाही. तिचे सगळे उपाय थकले आहेत आणि म्हणूनच न्कुंझी नावाच्या मांत्रिकापर्यंत गोष्ट जाते. हा माणूस पछाडलेल्यांना पत्र्याला बांधून शेण आणि लाकडांच्या आगीवर ‘भाजतो’. हा बेत कानावर पडल्यावर दुसरी बहीण तिला घेऊन रात्रीच घर सोडते. बहिणीला बदलण्याचा तिचा आग्रह नाही, ती जशी आहे तशी तिला हवी आहे आणि त्यासाठी ती घर, आई आणि गाव सोडायला तयार होते. वेगळेपणाचा स्वीकार हे शब्द आपण भाषणांत किती सहज वापरतो, पण गरिबाच्या घरी त्याची किंमत एवढी मोठी असते.

आणि हे सगळे खेड्यातल्या अज्ञानापायी होते, असे कोणी म्हणू नये. ज्या वर्षी या कथेला पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी जोहान्सबर्ग ज्या प्रांतात आहे त्या श्रीमंत गाउटेंगमध्ये, खर्च वाचवायचा म्हणून मनोरुग्णांना लाइफ एसिदिमेनी या खासगी आरोग्यसंस्थेच्या केंद्रांतून हलवून परवाने आणि सोयी नसलेल्या संस्थांमध्ये पाठवले जात होते. त्यांतले १४४ जण मृत्युमुखी पडले, काही भुकेने आणि तहानेने. तिथे कोणी मांत्रिक नव्हता, तिथे शिकलेले अधिकारी आणि त्यांच्या सह्यांचे कागद होते.

अॅलन पेटन यांची ‘हेपेनी’ ही कथा थोडी वेगळी आहे. पेटन स्वतः १९३५ ते १९४८ या काळात जोहान्सबर्गजवळच्या डीपक्लूफ इथल्या मुलांच्या सुधारगृहाचे प्रमुख होते. कथेतला, अशाच सुधारगृहात राहणारा अनाथ काळा मुलगा एका मिश्रवर्णी बाईला आपली आई म्हणून सांगतो. तो आपल्या वर्णाचा नाही म्हणून ती आधी त्याला नाकारते, आणि क्षयाने तो मरणाला टेकल्यावर येऊन त्याच्या उशाशी बसते. कथा हृदयाला भिडते, पण उशिरा आलेली ही माया वाचकाला जरा जास्तच समाधान देऊन जाते, असे मला वाटते.

या तिन्ही कथांबाबत एक तक्रार मात्र मनात राहतेच. कथा सांगणारी व्यक्ती प्रत्येक वेळी दुसरीच असते. गॉर्डिमरकडे बहीण बोलते, पेटनकडे सुधारगृहाचा प्रमुख आणि लिदुदुमालिंगानीकडे पुन्हा बहीणच. ज्याच्या डोक्यात भुकेने घर केले तो मुलगा आणि जिला आगीवर ठेवण्याचे ठरले होते ती मुलगी, यांना स्वतः काय दिसते आणि आपल्याला सांभाळणाऱ्या माणसांबद्दल त्यांचे काय मत आहे, हे आपल्याला त्यांच्या तोंडून कळत नाही. अशा निवेदकाची दक्षिण आफ्रिकेतली कथा कोणाच्या वाचनात आली असेल, तर मला जरूर सांगा, मला ती वाचायची आहे.