म्हणे, ससा चिकनसारखा लागतो!

गटारीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कळव्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर पावसाचे व्हिडिओ आणि मटणाचे विनोद एवढंच चालतं. यंदा त्यात एक लांबलचक मेसेज येऊन पडला. मथळा ‘ब्रॉयलर सोडा, रान धरा!’, खाली भाजलेल्या पक्ष्यांचा फोटो, शेवटी ‘खऱ्या खवय्यांनाच पाठवा’. दोन दिवसांत तो मला चार ठिकाणांहून आला. चौथा ऐरोलीच्या चुलतदिरांनी पाठवला, सोबत एकच ओळ: ‘वहिनी, तुम्ही यातल्या. हे खरंय का?’

यातली म्हणजे, मी स्वयंपाकी आहे. पाच वर्षं बव्हेरियात एका गावच्या खानावळीत कामाला होते. तिथे पानगळीपासून थंडी सरेपर्यंत शिकारीच्या मटणाचाच हंगाम. कायद्याने मारलेलं, तपासून आलेलं. किती हरणं नि डुकरं या हातांनी सोलली, मोजली नाहीत. तेव्हा भाऊजी, उत्तर एका ओळीत बसणार नाही.

मेसेजचं म्हणणं असं. शिकारीच्या मटणाला एक खास रानटी चव असते आणि तिची सर कशालाच नाही. ससा चिकनसारखा, हरीण बोकडासारखं, रानडुक्कर पोर्कसारखं, फक्त दसपट भारी. मारल्या मारल्या चुलीवर चढवलं की लोण्यासारखं मऊ. रानातल्या जनावराला ना रोग, ना इंजेक्शन. आपले आजोबा रोज हेच खाऊन नव्वदी पार करायचे. आणि गाडीखाली आलेलं किंवा गावाकडून कुणी आणून दिलेलं खायला कायद्याची आडकाठी नाही.

सशापासून सुरू करते, कारण तिथे आपल्या भाषेनेच घोळ घातलाय. पिंजऱ्यात पाला खात बसणारा पांढरा तोही ससा, आणि रात्री माळावर गाडीच्या उजेडात सुसाट सुटतो तोही ससा. नाव एक, प्राणी दोन. पिंजऱ्यातला मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. चाहूल लागली की चार उड्यांत बिळात. आपला रानससा बीळ करतच नाही. तो उघड्यावर राहतो आणि जीव वाचवायला लांब पळतो. लांब पळणाऱ्या स्नायूंना प्राणवायूची शिदोरी लागते, ती मायोग्लोबिन नावाच्या लाल द्रव्यात असते, आणि म्हणून पळणाऱ्याचं मांस गडद. पाळीव सशाचं मांस फिकं असतं, ते चिकनच्या जवळ जातं हे मान्य. रानससा मी तिकडचा हाताळलाय, आपल्याचाच भाऊबंद. कातडं उतरवलं की जांभळट लाल, शिजला की काळपट, आणि चवीला थेट कलेजीच्या वाटेवर. जुन्या युरोपियन पद्धतीत त्याचा रस्सा त्याच्याच रक्ताने दाट करतात. हे ज्याला चिकनसारखं लागलं त्याने एकतर पिंजऱ्यातला ससा खाल्लाय, नाहीतर चिकनच.

हाच हिशेब घरच्या कोंबडीत दिसतो. तंगडी गडद, छाती पांढरी. ब्रॉयलर चालतो थोडाफार, उडत कधीच नाही. रानबदक मैलोन्मैल उडतं, त्याची छाती मटणासारखी लाल. (मेसेजमधल्या फोटोतले पक्षी म्हणजे फार्मवर वाढवलेले जपानी लावे असावेत, बटेर म्हणून दुकानात मिळतात ते. त्यात रान औषधालाही नाही.)

आता हरीण बोकडासारखं, हा दावा. मांसाला जो ज्याचा-त्याचा वास असतो, बोकडाचा बोकडाला, मेंढीचा मेंढीला, तो बराचसा चरबीत बसलेला असतो. हरणाला चरबीच जेमतेम. मग बोकडाचा वास त्याला येणार कुठून? तिकडे ‘रे’ नावाचं लहान हरीण असतं, साधारण आपल्या भेकराएवढं. त्याच्या पाठीचा तुकडा बारीक धाग्याचा, किंचित गोडसर. आतून गुलाबी ठेवला तर उत्तम. दोन मिनिटं जास्त झाली की कोरडा ठक्क, आणि त्याला काळजासारखी लोखंडी चव येते. आपल्या पद्धतीने त्याला कुकरच्या सहा शिट्ट्या दिल्या तर भुसा हातात येईल. मोठं लाल हरीण त्याच्यापेक्षा जाड धाग्याचं आणि जास्त उग्र. एकाच जंगलातली दोन हरणं, आणि आमचा शेफ डोळे मिटून वेगळी ओळखायचा. मग ती एक रानटी चव कुठली?

गंमत पुढे आहे. आपलं चितळ आपल्याकडे कुणी कायद्याने खाऊ शकत नाही, पण हवाई बेटांवर ते राजरोस विकलं जातं. १८६० च्या दशकात तिथल्या राजाला भेट म्हणून ही हरणं पोचली, शत्रू कुणी नाही म्हणून बेसुमार वाढली, आणि आता शेतं-जंगलं वाचवायला मारावी लागतात. टेक्ससमध्ये तसंच आपल्या नीलगाईचं झालं. या दोन्हींची तिथे तारीफ काय होते? सौम्य आहे, रानटी वास येत नाही! म्हणजे आपलीच जनावरं जिथे कायद्याने खाल्ली जातात, तिथे मेसेजमधल्या त्या चवीचा अभाव हाच त्यांचा गुण ठरतो.

रानडुकराबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण दावा तिथे अर्धा खरा आहे. वर्षभराचं पोर असेल, ओकची फळं खाऊन पोसलेलं असेल, तर त्याच्या चरबीला सुकामेव्याचा हलका वास असतो. पोर्कपेक्षा गडद, दाणेदार, फार सुंदर. पण तेच म्हातारा नर असेल आणि हंगाम माजाचा असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्याच डिसेंबरात एक असा दांडगा नर आला. शेफने मानेकडची अंगठ्याएवढी चरबी कापून गरम तव्यावर टाकली आणि आम्हा सहाही जणांना वास घ्यायला बोलावलं. चौघं झटक्यात मागे सरकले. मला माजावरच्या बोकडाच्या शेजारी एसटीत बसल्यासारखं झालं. भांडी घासणारा पोरगा मात्र शांतपणे म्हणाला, ‘छान येतोय की वास.’

तो काही विनोद करत नव्हता. नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य साठतं. ते काहींना घाम-मुतासारखं लागतं, काहींना गोडसर, काहींना लागतच नाही. हे नाकातल्या वास पकडणाऱ्या एका रिसेप्टरच्या जनुकावर अवलंबून असतं, आणि २००७ मध्ये ते जनुक संशोधकांनी पक्कं दाखवून दिलं. त्यामुळे ‘रानडुक्कर दसपट भारी’ असं कुणी शपथेवर सांगत असेल तर त्याच्या जिभेबद्दल नाही, नाकाबद्दल काहीतरी कळतं. त्या डुकराचा पुढे सॉसेज झाला, चरबी पूर्ण काढून, मिरी मारून.

आणि मसाल्याचं काय? हा मुद्दा मेसेजमध्ये नाही, पण सगळी मेख तिथेच आहे. एका सुट्टीनंतर मी आईने केलेला आमचा आगरी मसाला घेऊन गेले होते. सोमवारी खानावळ बंद असायची, तेव्हा रानडुकराचा खांदा आणि साधा पोर्क, दोन भांड्यांत सारखंच कालवण केलं. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, आलं-लसूण, तो मसाला, वर तेलाचा तवंग. शेफने दोन्ही वाट्या पुसूनपासून खाल्ल्या, घाम पुसला, तिसऱ्यांदा भात मागितला. यातलं रानडुकराचं कुठलं विचारलं तर बोट साध्या पोर्ककडे. डोळे मिटून दोन हरणं ओळखणारा माणूस! आपल्या रश्श्यात जनावर पोत देतं, चव वाटण देतं. फार्महाउसवर कुणीतरी ‘हरणाचं’ म्हणून वाढलेल्या सुक्याची चव वीस वर्षं विसरलो नाही असं सांगणारे माझ्या माहितीत तिघं आहेत. त्यांनी काय खाल्लं ते डीएनए तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत मांसाच्या तुकड्यावरून प्राणी ओळखायची पद्धत बसवलेली आहे. जिभेवरून ओळखायची अजून कुणी बसवलेली नाही.

‘मारल्या मारल्या चुलीवर’ हा तर मटण बिघडवायचा खात्रीचा मार्ग. जनावर गेल्यावर काही तासांत अंग ताठतं, आणि तेव्हा शिजवलं तर चामडं होतं. ताठरपणा उतरल्यावर मांसातलीच पाचकद्रव्यं धागे सैल करत जातात. म्हणून तिकडे हरीण थंड खोलीत काही दिवस टांगून ठेवतात. ती खोली दोन-चार अंशांवर असते. हे वाचून कळव्याच्या बाल्कनीत कुणी काही टांगू नये.

त्यातही हाका घालून पळवलेलं जनावर सगळ्यात वाईट. स्नायूंतली साखर धावण्यातच जळून जाते, मग मेल्यावर मांसात हवं तेवढं आम्ल तयार होत नाही. असं मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर नासतं. आमच्याकडे येणारं चांगलं हरीण ते, ज्याला गोळी लागेपर्यंत पत्ताच नव्हता. चरता चरता पडलेलं. शूर शिकाऱ्यांच्या गोष्टींत जे जनावर दोन डोंगर पळतं, ते ताटात निकृष्टच उतरणार.

रोग नाही, इंजेक्शन नाही. इंजेक्शनचं आधी उरकते. ब्रॉयलरला हॉर्मोनची इंजेक्शनं देत नाहीत. हजारो पक्ष्यांना एकेक करून टोचत बसणं कुणालाच परवडणार नाही. सहा आठवड्यांत दोन किलो होतो तो पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. अँटिबायोटिकचा प्रश्न खरा आहे. कोलिस्टिन हे औषध जनावरांना द्यायला २०१९ मध्ये सरकारला बंदी घालावी लागली, ती उगाच नाही. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

पण रान म्हणजे शुद्ध, हे बव्हेरियात कुणाला सांगून पाहा. युरोपात रानडुक्कर खायला निघायच्या आधी त्याच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा आणि पुढच्या पायाचा तुकडा ट्रायकिनेला नावाच्या जंतासाठी तपासावाच लागतो. निकाल येईपर्यंत आम्ही सुरी लावायचो नाही. दुसरी तपासणी ऐकून मी पहिल्यांदा हसले होते: किरणोत्सर्गाची. १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, तिथून आलेलं किरणोत्सर्गी सीझियम जंगलाच्या मातीत मुरलं, जमिनीखालच्या अळंब्यांत गेलं, आणि डुकरं ती उकरून खातात. किलोमागे ६०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं माप) वर गेलं तर अख्खं जनावर बाद. सोललेलं, नुसतं मीठ लावायचं बाकी असलेलं डुक्कर कागदावरच्या एका आकड्यापायी टाकून द्यावं लागतं, हे मी बघितलंय. शिवाय शिशाचे कण. गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून लांबवर पसरतात, म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेलं खाऊ नये असं जर्मनीची सरकारी संस्थाच सांगते. हे सगळं, जिथे पशुवैद्य आणि शीतगृह आहे तिथलं. आपल्याकडे चोरून मारलेल्या जनावराला तपासतं कोण?

आजोबांचं म्हणाल तर माझं आजोळ मुरबाडकडचं, आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शिकार वर्षातून दोनदा-तीनदा, तीही सगळ्या गावाची. बार टाकणाऱ्याला एक वाटा जास्त, बाकी घरटी सारखे वाटे. आजीच्या सांगण्यात तर एका वाट्याला ओंजळभर सागोती यायची आणि खाणारी तोंडं अकरा. रोजचं जेवण म्हणजे भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. नव्वदीचं श्रेय द्यायचंच तर सुकटीला द्या. आणि आजोबा बासष्टाव्या वर्षी गेले.

राहिला कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, शिकारीला बंदी त्यातच. लोकांना माहीत नसतं ते कलम ३९. मारलेला वन्यप्राणी सोडाच, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेलासुद्धा सरकारी मालमत्ता. पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर परवानगी काढून मारलं तरी ते मारणाऱ्याचं होत नाही. येऊरच्या चढावर रात्री गाडीखाली ससा आला आणि ‘आता मेलाच आहे तर’ म्हणून डिकीत टाकला, तर ती सरकारी मालमत्तेची पळवापळवी झाली. गावाहून डब्यात आलेलंही त्यातच धरा. असा प्राणी दिसला तर वनखात्याचा फोन १९२६.

भाऊजींना हे सगळं लिहून पाठवलं. तासाभराने दोन निळ्या खुणा, मग उत्तर: ‘वहिनी, मग रविवारी बोकडाचं किती आणू? आणि तो आईंचा मसाला शिल्लक आहे ना?’